९८७६५४३२१ चे गुणधर्म: संख्येचे स्वतःचे कोणते, लिखाणाचे कोणते

तुमचा प्रश्न मी असा समजलो. ९८७६५४३२१ ही संख्या तुम्ही एका संगणकीय साधनाला दिलीत आणि त्याने वीसेक गुणधर्मांची यादी पुढे केली: विभाजक १८, विभाजकांची बेरीज १,५१,५४,७०,५०२, अंकांची बेरीज ४५, द्विमान रूपात (फक्त ० आणि १ वापरून लिहिल्यावर) १७ वेळा एक, न्यून संख्या, दोन वर्गांची बेरीज, वगैरे. यातलं महत्त्वाचं काय, ते हाताने काढता येतं का, आणि हिला १२३४५६७८९ ने भागलं की उत्तर ८.०००००००७२९ असं, म्हणजे जवळजवळ नेमकं ८ का येतं, हे तुम्हाला हवं आहे.

कुठल्याही संख्येबद्दल खरी विधानं हवी तितकी करता येतात, त्यामुळे यादी लांब असणं यात काही विशेष नाही. बघायचं ते हे की त्यातली कोणती विधानं एकमेकांतून आपोआप निघतात, कोणती संख्येची स्वतःची आहेत, आणि कोणती केवळ आपण ती दहाच्या पायात, म्हणजे दशमान पद्धतीत, लिहितो म्हणून दिसतात. मी संख्या सिद्धान्त शिकवतो आणि मोठ्या संख्यांचे अवयव पाडणारे प्रोग्राम लिहितो. नवी संख्या समोर आली की मी आधी ही वाटणी करतो, कारण ती केली की वीस ओळींपैकी पंधरा ओळी पाठ करायची गरज उरत नाही.

तुमच्या यादीचा मोठा भाग एकाच ओळीत मावतो:

९८७६५४३२१ = ३ × ३ × १७ × १७ × ३७९७२१

हे पाचही अवयव मूळ संख्या आहेत. सगळा कष्ट ही ओळ मिळवण्यात आहे, पुढचं नुसतं अंकगणित.

ती मिळवायची कशी? शेवटचा अंक १ आहे, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ४५, म्हणून ९ ने भाग जातो. २७ ने जातो का, हे अंकांच्या बेरजेवरून कळत नाही. त्यासाठी तीन-तीन अंकांचे गट करून बेरीज घ्या: ९८७ + ६५४ + ३२१ = १९६२. ९९९ म्हणजे २७ × ३७, त्यामुळे ही एकच बेरीज २७ आणि ३७ या दोघांची परीक्षा घेते. १९६२ ला २७ ने भागल्यावर बाकी १८, ३७ ने भागल्यावर बाकी १. दोन्ही बाद. तेच गट आता आलटून पालटून वजा करा: ९८७ − ६५४ + ३२१ = ६५४. १००१ म्हणजे ७ × ११ × १३, म्हणून या ६५४ वरून तिघांचा निकाल लागतो. बाक्या अनुक्रमे ३, ५ आणि ४. तिघेही बाद. ही गटांची युक्ती मी विद्यार्थ्यांना फार आग्रहाने शिकवतो, कारण शाळेत ७ आणि १३ च्या कसोट्या बहुधा वेगवेगळ्या आणि लक्षात न राहणाऱ्या रूपात येतात. इथे एका वजाबाकीत तीन मूळ संख्यांचं काम होतं.

पुढची मूळ संख्या १७, आणि इथे नशीब उघडतं. ९ ने भागून आलेली १०,९७,३९,३६९ ही संख्या १७ ने भागली की ६४,५५,२५७ आणि पुन्हा १७ ने भागली की ३,७९,७२१.

एक अवयव सापडला की शोधाची हद्दच आकसते. संख्या संयुक्त असेल तर तिचा निदान एक मूळ अवयव तिच्या वर्गमूळाइतका किंवा त्याहून लहान असतो. मूळच्या संख्येसाठी ही हद्द ३१,४२६ होती. ९ काढल्यावर १०,४७५ झाली, एक १७ काढल्यावर २,५४०, आणि दुसरा १७ काढल्यावर फक्त ६१६. तीन हजारांहून अधिक मूळ संख्यांनी भागून बघण्याऐवजी आता ६१६ पर्यंतच्या ११२ मूळ संख्या पुरतात, आणि त्यातल्या पहिल्या काही तपासून झाल्याच आहेत. म्हणून प्रत्येक भागाकारानंतर वर्गमूळ नव्याने काढा. प्रोग्राम लिहितानाही हीच ओळ विसरली जाते आणि मग तो विनाकारण तासन्‌तास चालत बसतो.

आता तिची बहीण घ्या, १२३४५६७८९. तीही ९ ने भागली जाते आणि १,३७,१७,४२१ उरतात. इथे लहान मूळ संख्या लावत बसलात तर १७ नाही, १९ नाही, शंभराच्या आत कोणीच नाही, हजाराच्याही आत नाही. पाचशेहून अधिक मूळ संख्या तपासल्यावर ३६०७ लागते. पण फर्माने सतराव्या शतकात सुचवलेली वेगळी वाट धरली तर पाहा काय होतं. त्याची कल्पना अशी: विषम संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीच्या रूपात मांडता आली की अवयव हातात आले, कारण अ² − ब² = (अ − ब)(अ + ब). वर्गमूळ ३७०३ आणि थोडं, म्हणून ३७०४ पासून सुरुवात करू. ३७०४ च्या वर्गातून आपली संख्या वजा केली तर २१९५, हा वर्ग नाही. ३७०५ च्या वर्गातून वजा केली तर ९६०४, आणि हा ९८ चा वर्ग! म्हणजे अवयव ३७०५ − ९८ = ३६०७ आणि ३७०५ + ९८ = ३८०३. दोन पायऱ्यांत काम संपलं.

हीच फर्माची पद्धत ९८७६५४३२१ वर लावली तर? तिच्या विभाजकांच्या जोड्यांपैकी एकमेकांना सर्वात जवळची जोडी २६०१ आणि ३,७९,७२१ आहे, आणि तीही काही जवळची नाही. दोहोंची सरासरी १,९१,१६१. सुरुवात ३१,४२७ पासून होते, त्यामुळे तिथवर पोचायला जवळपास एक लाख साठ हजार पायऱ्या लागतील. जी संख्या १७ च्या एका धक्क्याने कोसळली, ती या पद्धतीपुढे अभेद्य वाटेल.

म्हणून कोणती पद्धत चांगली, असं मला कुणी विचारलं की मी आधी संख्येबद्दल काय माहीत आहे ते विचारतो. दोन्ही संख्या नऊ अंकी, दोन्ही तेच नऊ अंक वापरून लिहिलेल्या. तरी एकीचे अवयव लहान आणि असमान आकाराचे, दुसरीचे मोठे आणि जवळजवळ सारखे. संख्या किती मोठी आहे यापेक्षा तिचे अवयव कसे विखुरलेले आहेत यावर कष्ट ठरतात, आणि ते आधी दिसत नाही. व्यवहारात मी नेहमी लहान मूळ संख्यांपासून सुरू करतो, मग फर्माच्या थोड्या पायऱ्या टाकून बघतो, आणि त्यानंतरच जड पद्धतींकडे वळतो.

एक गोष्ट अजून सिद्ध करायची राहिली: ३,७९,७२१ मूळ आहे हे कशावरून? उरलेल्या मूळ संख्यांनी भागून बघणं हा सरळ मार्ग आहेच, पण तुमच्या यादीतली 'दोन वर्गांची बेरीज' ही ओळ इथे उपयोगी पडते. ३,७९,७२१ ला ८ ने भागल्यावर बाकी १ उरते. ती दोन वर्गांची बेरीज असेल तर एक वर्ग विषम असणार. विषम वर्गाची ८ ने बाकी नेहमी १ असते, म्हणून दुसरा वर्ग ८ ने भागला जायला हवा, म्हणजे त्याचं मूळ ४ च्या पटीत हवं. आता ४, ८, १२ अशा पटी घेऊन त्यांचे वर्ग वजा करत चला आणि उरलेली संख्या पूर्ण वर्ग आहे का बघा. विसाव्या पायरीवर, ८० ला, ३,७९,७२१ − ६,४०० = ३,७३,३२१ मिळतात, आणि हा ६११ चा वर्ग आहे.

६११ आणि ८० यांच्यात सामाईक अवयव नाही. अशा दोन सहमूळ संख्यांच्या वर्गांची बेरीज विषम असेल, तर तिच्या प्रत्येक मूळ अवयवाला ४ ने भागल्यावर बाकी १ च उरते. हा ऑयलरच्या काळापासून सिद्ध असलेला नियम आहे. त्यामुळे ७, ११, १९, २३ असले सगळे भागाकार न करताच बाद. ११२ पैकी फक्त ५३ मूळ संख्या उरतात. त्या एकेक करून तपासल्या तर एकीनेही भाग जात नाही. ३,७९,७२१ मूळ ठरली.

आता बाकीची यादी चुटकीसरशी निघते. कुठलाही विभाजक बनवताना ३ चा घात ०, १ किंवा २ घेता येतो, १७ चाही तसाच, आणि ३,७९,७२१ घ्यायची किंवा सोडायची. म्हणून ३ × ३ × २ = १८ विभाजक: १, ३, ९, १७, ५१, १५३, २८९, ८६७, २६०१ आणि या प्रत्येकाची ३,७९,७२१ पट. त्यांची बेरीज (१ + ३ + ९)(१ + १७ + २८९)(१ + ३,७९,७२१), म्हणजे १३ × ३०७ × ३,७९,७२२ = १,५१,५४,७०,५०२. यातून संख्या स्वतः वजा केली तर ५२,७८,१६,१८१ उरतात. हे संख्येपेक्षा कमी आहेत, म्हणून 'न्यून'. जास्त असते तर विपुल, बरोबर तितकेच असते तर परिपूर्ण. तिच्याहून लहान आणि तिच्याशी सहमूळ अशा संख्या किती, याचं उत्तर ऑयलरच्या फाय फलनाने मिळतं: ३ साठी ३ × २ = ६, १७ साठी १७ × १६ = २७२, शेवटच्या अवयवासाठी ३,७९,७२०. गुणाकार ६१,९७,०३,०४०. या चारही ओळी यादीत वेगवेगळ्या दिसत असल्या तरी त्यात नवी माहिती शून्य आहे.

दोन वर्गांच्या बेरजेपाशी मात्र थोडं थांबावंसं वाटतं, कारण दोन्ही बहिणींमधला खरा फरक तिथे दिसतो. नियम असा की ४ ने भागल्यावर ३ उरणारी प्रत्येक मूळ संख्या अवयवांत सम वेळा यायला हवी. आपल्या संख्येत अशी एकच आहे, ३, आणि ती दोनदा आहे. म्हणून जमतं. ६११ आणि ८० या दोघांना ५१ ने गुणलं की पहिली जोडी मिळते:

३११६१² + ४०८०² = ९८७६५४३२१

पण १७ चा वर्ग स्वतःही १५² + ८² असा मांडता येतो. दोन वर्गांच्या बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीज असतो, आणि तोही दोन तऱ्हांनी. ब्रह्मगुप्ताच्या नावाने ओळखलं जाणारं हे सूत्र लावलं की आणखी दोन जोड्या निघतात:

२९४१५² + ११०६४² = ९८७६५४३२१
२५५७५² + १८२६४² = ९८७६५४३२१

एवढ्याच तीन, चौथी नाही. १७ चा घात २ आणि ३,७९,७२१ चा घात १, यावरून ही मोजणीसुद्धा आधीच सांगता येते. कागदावर एकदा हे वर्ग करून बघा. इतकी लांबलचक संख्या तीन वेगळ्या वाटांनी नेमकी जुळते तेव्हा होणारा आनंद मला अजूनही होतो.

१२३४५६७८९ ला हे अजिबात साधत नाही. ४ ने भागल्यावर तिचीही बाकी १ च, त्यामुळे वरवर पाहता शक्यता वाटते. पण ३६०७ आणि ३८०३ या दोघींनाही ४ ने भागल्यावर ३ उरतात आणि दोघी एकेकदाच येतात. एकही जोडी नाही. हे अवयव पाडल्याशिवाय कळलं नसतं.

आता यादीतला दुसरा गट, लिखाणाचा. अंकांची बेरीज ४५, १ ते ९ हे सगळे अंक एकेकदा, द्विमान रूपात ३० अंक आणि त्यात १७ वेळा एक: हे सगळं आपण कोणत्या पायात लिहितो यावर ठरतं. माणसाचं नाव दुसऱ्या लिपीत लिहिलं म्हणून माणूस बदलत नाही, तसंच हे. द्विमानातले १७ एक आणि अवयवातला १७ यांचा परस्परांशी काही संबंध नाही, तो निव्वळ योगायोग. मात्र लिखाणाचे गुणधर्म निरुपयोगी असतात असं म्हणणार नाही. अंकांची बेरीज ४५ असल्यानेच या नऊ अंकांची कोणतीही उलटापालट ९ ने भागली जाते. अशा ३,६२,८८० मांडण्या आहेत आणि त्यांपैकी एकही मूळ संख्या असू शकत नाही. एका बेरजेवरून साडेतीन लाखांहून अधिक संख्यांचा निकाल लागला.

तुमचं ८ चं कोडंही याच गटातलं. दोन्ही संख्या एकाखाली एक लिहून बेरीज करा. प्रत्येक स्तंभात १ + ९, २ + ८, ३ + ७ असे दहाच येतात, म्हणून एकूण बेरीज १११११११११०. दुसरीकडे १२३४५६७८९ ची ९ पट म्हणजे तिची १० पट वजा ती स्वतः: १२३४५६७८९० − १२३४५६७८९ = ११११११११०१. यात ९ मिळवले की पुन्हा १११११११११० च. म्हणजे दोन्ही बहिणींची बेरीज = धाकटीची ९ पट + ९, आणि म्हणून थोरली = धाकटीची ८ पट + ९. भागाकार ८, बाकी ९. ती बाकी बारा कोटींहून मोठ्या संख्येने भागली जाते, म्हणून दशांशचिन्हापुढे सात शून्यं.

यात ८ ला काही खास स्थान नाही. पाया आठ घेतला तर ७६५४३२१ आणि १२३४५६७ या लिखाणांची दशमान किंमत २०,५४,३५३ आणि ३,४२,३९१ होते, आणि पहिली दुसरीच्या ६ पटीपेक्षा ७ ने जास्त आहे. पाया कोणताही घ्या, भागाकार पायापेक्षा दोनने कमी आणि बाकी एकने कमी. वर दिलेली स्तंभांची बेरीज त्या पायात केली की सिद्धता तीच राहते.

याच नात्यातून दोघींचा मसाविही मिळतो. थोरलीला धाकटीने भागून बाकी ९, धाकटीला ९ ने भागून बाकी ०, म्हणून मसावि ९. युक्लिडची ही रीत अवयव न पाडता दोन पायऱ्यांत उत्तर देते. अवयव पाडणं अवघड, पण मसावि काढणं अतिशय स्वस्त. मोठ्या संख्यांच्या बहुतेक आधुनिक पद्धती या फरकावरच उभ्या आहेत.

हाताने करायचं नसेल आणि प्रोग्राम लिहिणार असाल, तर एक सावधगिरी. ही संख्या ३२ बिटांत बसते, पण तिचा वर्ग सुमारे ९.७५ × १० चा १७ वा घात इतका होतो. तो ६४ बिटांच्या पूर्णांकात बसतो, मात्र दशांश अपूर्णांकांसाठी असलेल्या नेहमीच्या ६४ बिटी प्रकारात नाही. तिथे पूर्णांक नेमके राहण्याची हमी २ च्या ५३ व्या घातापर्यंतच आहे. वरच्या वर्गांच्या जोड्या शोधताना बेरीज याच संख्येइतकी राहते, म्हणून अडचण येत नाही. पण मूळ संख्येची घातांक कसोटी (मोठे घात काढून त्यांची बाकी बघणारी) लिहाल तिथे मधले गुणाकार निमूटपणे चुकतील आणि प्रोग्राम काहीच तक्रार करणार नाही.

संख्या आणखी मोठी झाली की 'मूळ आहे का' आणि 'अवयव कोणते' हे दोन प्रश्न वेगळे होतात. पहिला सोपा राहतो. २ च्या ६४ व्या घातापर्यंत मिलर-राबिन ही घातांक कसोटी २ पासून ३७ पर्यंतच्या बारा मूळ संख्या घेऊन केली तर निकाल पक्का असतो. त्यापलीकडेही कितीही मोठ्या संख्येसाठी हा प्रश्न तत्त्वतः वाजवी वेळात सुटतो, हे आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये सिद्ध केलं. अवयवांसाठी नेहमीच्या संगणकावर चालणारी तशी रीत आपल्याकडे नाही. दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकाराने बनलेली आरएसए-२५० ही २५० अंकी संख्या फेब्रुवारी २०२० मध्ये फोडली गेली, तेव्हा सुमारे २,७०० कोअर-वर्षांइतकी (संगणकाचा एक कोअर २,७०० वर्षं चालवण्याइतकी) गणना लागली.

दोन प्रश्नांतली ही दरी किती रुंद असू शकते, याचं उदाहरण फर्माच्या संख्यांत आहे, म्हणजे ज्यांत २ चा घातांक स्वतः २ चा घात असतो आणि वर १ मिळवलेला असतो अशा संख्यांत. २ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजे ४२९४९६७२९७, ही संख्या ६४१ × ६७००४१७ आहे हे ऑयलरने १७३२ मध्ये दाखवलं. त्याच मालिकेतली, जिच्यात घातांक २ चा २० वा घात आहे ती संख्या तीन लाख पंधरा हजारांहून अधिक अंकी आहे. ती मूळ नाही हे सिद्ध झालेलं आहे, पण तिचा एकही अवयव सापडलेला नाही. तुमच्या साधनाला ती दिली तर शेवटचा अंक, अंकांची बेरीज, द्विमान रूप या लिखाणाच्या ओळी ते भरून देईल. विभाजकांची संख्या, त्यांची बेरीज आणि फायची किंमत या रकान्यांत मात्र भरण्यासारखं आज कुणाकडेच काही नाही.

तुमच्या पुढच्या नऊ-दहा अंकी संख्येसाठी मी सुचवेन तो क्रम असा: शेवटचा अंक आणि अंकांची बेरीज, मग तीन-तीनच्या गटांची बेरीज-वजाबाकी, मग १७ पासून पुढे भागाकार आणि प्रत्येक यशानंतर नवं वर्गमूळ, मध्ये फर्माच्या दहा-वीस पायऱ्या. सुरुवातीला १२३४५६७८९१ घेऊन बघा. अंकांची बेरीज ४६ आहे, त्यामुळे या वेळी ३ मदतीला येणार नाही.